म्हशीच्या कपाळावरचा ठिपका

लोणी देवकरच्या एका कारखान्यात मी तयार मालातल्या चुका शोधायचं काम करतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं हसायला बरं पडेल.

बायकोनं वडगाव निंबाळकरात घराला लागूनच खवा-पनीरचं दुकान काढायचं ठरवलं. पाटीवर आपल्याच म्हशीचं तोंड पाहिजे, हा तिचा हट्ट. कपाळावर पांढरा चांद असलेली ती म्हैस मागं गोठ्यात. गिऱ्हाइकानं आधी पाटी बघावी, मग म्हैस बघावी, म्हणजे दुधाची खात्री पटते. फोटो तिनंच मोबाइलवर काढला. बारामतीच्या फ्लेक्सवाल्यानं तो दहा फुटी करून दाखवला, तर म्हशीच्या जागी नुसते चौकोन, जणू कुणी फरशी बसवायला काढलीय. तो म्हणाला, व्हेक्टर करून आणा. त्यात चौकोन नसतात, रेघा असतात, कितीही मोठं करा, चित्र फुटत नाही.

त्यात काय, मीच करतो, असं मी घरी सांगून बसलो.

लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर एका बटणात फोटोच्या रेघा झाल्या. मग मला जे चढलं ते विचारू नका. म्हैस नखाएवढी केली, पडदाभर केली. शिंगाची धार तशीच. शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अख्ख्या पडद्यावर एकच नाकपुडी दाखवली. ते म्हणाले, "आता धार बी ह्यातनंच काढ."

चांदाच्या मधोमध एक काळा ठिपका होता, कडेनं खरबरीत. त्याच्या कडा गुळगुळीत करण्यात मी रविवारची दुपार घातली. इतका सुबक झाला, की माझं मलाच कौतुक वाटलं.

उद्घाटनाच्या सकाळी पाटी चढली. बायको रस्त्यापलीकडं जाऊन बघत उभी राहिली. बराच वेळ. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "अवो, माशी हाय ती."

माशीच होती. फोटो काढताना बसलेली. मी तिचे पाय घासून, पंख गोल करून, भाकरीएवढी करून खव्याच्या दुकानावर बसवली होती. नारळ फोडायला माणसं जमलेली, आणि पहिलंच गिऱ्हाईक ती बघून माघारी फिरणार, या धास्तीनं बायकोचा चेहरा उतरला.

तेवढ्यात आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीट बेस लावलीस सूनबाई. एवढी देखणी म्हस, दृष्ट लागंल न्हायतर."

माना डोलल्या. एका म्हातारीनं तर पाटीकडं बघून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पण मग सगळे म्हैस बघायला निघाले, आणि खऱ्या कपाळावर तर चांद कोरा. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी काजळाची डबी घेऊन मागच्या दारानं गोठ्याकडं पळालो.

तेव्हापासून रोज, कामावर जायच्या आधी, मी म्हशीला तीट लावतो, पाटीशी ताडून. लॅपटॉपवरची म्हैस कधी हलत नव्हती, ही हलते. म्हैस मान झटकते, काजळ माझ्याच शर्टाला लागतं. काल बायको मागं उभी राहून म्हणाली, "जरा डावीकडं गेलीय, पुसून परत लावा."

पुसून परत लावली. शर्टही बदलला.