वांग्यांवरचा कचरा

आमच्याकडे झाडावरून जे फुकट पडतं त्याला कचरा म्हणतात आणि दुकानातून जे गुंडाळून येतं त्याला शेती. येडगावात माझी चुलती रोज सकाळी आंब्याची सगळी पानं झाडून पेटवते. त्याच वेळी चुलते टोमॅटोच्या वाफ्यांवर चंदेरी मल्चिंग पेपर अंथरत असतात. ओल टिकावी म्हणून. दोघांत वीस पावलांचं अंतर, पण धूर कसला आणि पेपर कशासाठी, हे एकमेकांना विचारायची गरज कुणाला वाटत नाही.

मी घराच्या मागे वांग्याची आठ रोपं लावली होती. दिवसाला एक बादली पाण्यावर ती चैत्र काढतात का, एवढंच मला बघायचं होतं. म्हणून बुंध्याशी वीतभर पाचोळा पसरला होता. कुणाला काही सांगितलं नाही.

एक दिवस कामासाठी नारायणगावला गेले. परत आले तर पाचोळ्याची राख झालेली आणि वाफ्यावर उरलेला मल्चिंग पेपर ताणून बसवलेला. भोकं टोमॅटोच्या अंतराची. पाच रोपं ओढूनताणून भोकांतून बाहेर काढलेली. उरलेली तीन रोपं भोकांत बसली नाहीत म्हणून पेपरखालीच उकडत होती.

"बघ, कसं चकाचक केलं!" चुलते म्हणाले. "इंग्लिश शाळंत शिकवत न्हाईत हे."

"पानांत साप येत्यात गं," चुलती म्हणाली. "आन् ओझरचं दर्शन करून पावणं यायचेत. काय म्हनतील?"

मी विळा आणला आणि पेपर उभा फाडला.

"अगं, नवा कोरा व्हता!" चुलते ओरडले. कोमेजलेल्या रोपांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मग मी रिकामी पोती घेऊन देवळापुढच्या पिंपळाखाली गेले. पारावर नेहमीची मंडळी होती. "ताई, ग्रामपंचायतीत झाडलोटीला लागलात का राव?" एकाने विचारलं. बाकीचे हसले. हे लोक सकाळपासून त्याच पानांवर बसले होते. मी मान खाली घालून तीन पोती भरली आणि आणून वांग्यांच्या बुंध्याशी ओतली.

पेपरखालची तीन गेली. पाच जगली, आता फुलावर आहेत. चुलते दुपारी येतात, पायाने पाचोळा सारतात, बोट खुपसून बघतात. माती ओली लागते.

"गुपचूप पानी मारत असशील तू," म्हणतात आणि बोट धोतराला पुसतात.

मी त्यांच्यासमोरच दिवसाची ती एक बादली ओतते, आणि त्यांनी सारलेला पाचोळा परत बुंध्याशी ओढते.