लानच्या खिरीतले मीठ

एका घरात चार माणसे जेवायला बसली की किस्से आपोआप साचत जातात. ते वेचायचे, एवढेच माझे काम. खान्देशात 'खारट खिरी'ची कथा मी तीन रूपांत ऐकली आहे. धुळ्याकडच्या रूपात नवी सून खीर करते आणि नणंद तिच्या नकळत मीठ टाकते. अमळनेरकडे हेच काम सवत करते. यावलकडच्या बायका मात्र दोघींनाही दोष देत नाहीत. तिथे घाबरलेली सून स्वतःच साखर समजून मिठाचा डबा उघडते. तिन्ही रूपांत मीठ म्हणजे एक तर खोडी, नाही तर चूक.

चोपडा तालुक्यात माझ्या मावसबहिणीच्या, कमलअक्काच्या घरी घडलेले चौथे रूप या चौकटीत बसत नाही. तिथे सुनेने सर्वांच्या देखत, समजून-उमजून मीठ घातले!

सून व्हिएतनामची, नाव लान. अक्काचा मुलगा निलेश तिकडे केळीच्या पॅकहाउसमध्ये नोकरीला होता आणि लग्न करूनच परतला. सासरे, म्हणजे आबा, लानला कधी टाकून बोलले नाहीत. पण तिच्या हातचे पाणीही त्यांनी घेतले नाही. श्रावणात कानबाई, म्हणजे खान्देशची कुलदेवी, घरात बसायची होती. या घरात कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू प्रत्येकाच्या नावाने एकेक मूठ टाकून घेतात, आणि ते रोट कुळाबाहेरच्या माणसाला घासभरही देत नाहीत. लानच्या नावाची मूठ पडणार की नाही, यावर आबा गप्प होते. निलेश गप्प नव्हता.

"तिची मूठ नसेल तर माझीही टाकू नका. आम्ही त्याच दिवशी पुण्याला निघू."

अक्का मला फोनवर म्हणाली, "दोन्हीकडथीन ओढी राहिनात, अन् मधमा मी!"

•

लानच्या माहेरी 'चे' नावाचा खिरीसारखा गोड पदार्थ करतात. त्यात केळी, नारळाचे दूध, साबुदाणा आणि पुष्कळदा मूग असतात. तिने तो इथे पहिल्यांदा केला, तो नेमका श्रावणी सोमवारी.

साबुदाणा दिसताच शेजारच्या सिंधूबाईंनी निर्धास्तपणे वाटी उचलली. वाटी संपत आली आणि तळाशी सोललेले मूग दिसले. उपासाला मूग! सिंधूबाईंनी उरलेल्या मुगाकडे पाहिले, वाटी हळूच खाली ठेवली आणि निकाल दिला:

"साबुदाणा वर व्हता ना? मंग मी वरलंच खादं!"

बायका हसल्या. अक्का हसली नाही, कारण आबा खांद्यावर पंचा टाकून उठले होते. 'उपास मोडणारी सून' हे विशेषण दिवेलागणीआधी गल्लीभर पोहोचले.

•

आबांना मधुमेह. त्यांना चालेल असा 'चे' करायचा, हे लानने मनावर घेतले. साखर गेली, साबुदाणाही गेला. त्याच्या जागी भिजवलेला सब्जा आला, मूग वाढले, नारळाचे दूध पातळ झाले, केळे अर्धवट पिकलेले, गोडीला एखादा खजूर. निलेशने डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "लहान वाटी. आणि रोज नको."

ती लहान वाटी आबांसमोर आली. फुगलेल्या सब्जाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"निल्या, ह्या बेंडकास्ना अंडा शेतस का?"

"सब्जा शे, आबा. फालुदामा ऱ्हास."

"मंग फालुदावालाले दे!"

वाटी परत गेली. लानने ती चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून, उभ्यानेच संपवली.

•

अर्धवट पिकलेले केळे हवे, तर ते पिकवावे लागते. केळीच्या बागा असलेल्या घरात ही अडचण विचित्र वाटेल. पण घड हिरवेच कापले जातात आणि थेट ट्रकमध्ये चढतात. लानने काही केळी धान्यात पुरून ठेवली. तिच्या देशातही तसेच करतात. दुर्दैवाने तिने निवडले ते पोते रोटासाठी बाजूला काढलेल्या गव्हाचे होते!

केळी सापडली ती आबांच्या बहिणीला, मंगलआत्यांना. त्या कानबाईसाठी धुळ्याहून आलेल्या होत्या.

"देवीना गहूमा हात घाला इनी!"

आबा दारात येऊन उभे राहिले. लानने तोंड उघडण्याआधीच अक्का पुढे झाली.

"मीच सांगेल व्हतं तिले."

अक्काने काही सांगितले नव्हते. लानला तेवढी अहिराणी कळत होती. आबांनाही आपल्या बायकोचे खोटे ओळखता येत होते. ते मागे फिरले, आणि त्या संध्याकाळी निलेशने बॅग भरली.

•

गहू मोजायच्या दुपारी मी तिथे होते. बॅग ओसरीवर, निलेश तिच्या शेजारी उभा. आबा पोत्याशी बसून परातीत मूठ टाकत आणि नाव घेत. स्वतःचे झाले, अक्काचे झाले, निलेशचे झाले. हात थांबला.

"झायं ना, भाऊ?" मंगलआत्यांनी विचारले.

आबांनी आत पाहिले.

स्वयंपाकघराचे दार उघडे होते. लान 'चे' ढवळत होती. तिने डबा उघडला, चिमूट उचलली आणि पातेल्यात सोडली.

"देखं का, भाऊ? मीठ! पांढरा गोडमा मीठ टाकं का अंगवर डाग उठतस!" मंगलआत्या म्हणाल्या.

पांढऱ्या गोडात मीठ पडले की कोड उठते, ही समजूत मी तिन्ही मुलखांत ऐकली आहे, आणि ती सांगताना कोणी हसत नाही. इथेही कोणी हसले नाही. लानने डबा बंद केला. तिची अहिराणी अक्काकडून शिकलेली होती.

"मन्ही माय टाकस."

निलेशने बॅगेचा पट्टा उचलला.

"आन इकडे," आबा म्हणाले.

लानने वाटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. आबांनी हात धुतला, चमचा भरला, तोंडात घातला. मंगलआत्या डोळे विस्फारून भावाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आबांनी दुसरा चमचा घेतला.

"मीठ जरासं कमी शे."

त्यांनी वाटी संपवली, पंच्याला हात पुसला, पोत्यात घातला आणि परातीत आणखी एक मूठ गहू टाकले.