आमची अनुसया आणि तिचं न सांगायचं दुखणं

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. बिरड्याचे मोड आलेले वाल, मध्ये पातेलं, दोन बाजूंना आम्ही दोघं. अनुसया पाय लांब करून, खाली जुन्या लुगड्याची घडी घेऊन बसली होती. जन्मभर ती तशीच बसली. उकिडवं बसलं की तिची कातडी चिरायची. म्हणाली, "तुम्ही नुसते हात ओले करताय. सोलतेय मीच." मी म्हटलं, "मग उठू का?" "बसा. सोबत तर होते." एवढं बोलून चुलीकडे जायला उठली, भिंतीला टेकली आणि तिथेच संपली. दिवस मावळायच्या आत तिला नेलं.

मी चौथी शिकलेला. लिहिणं माझं काम नव्हे. पण जो भेटायला येतो तो म्हणतो, बाई फार सोशिक होती. साफ खोटं. ती सोशिक असती तर तिला आमच्या घरातून केव्हाच हाकलली असती. म्हणून लिहायला बसलो.

आमचं घर वरंधच्या खालच्या वाडीत. घरी आई, धाकटी बहीण तारा आणि ही. मी मुंबईला गिरणीत. तिकडे तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालू होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मुलगा झाला. तो सात महिन्यांचा असताना मी शिमग्याला आलो, तर बायको जवळ यायला तयार नाही. आईशेजारी अंथरूण टाकायची. माझ्या मनात वाईट आलं, कबूल करतो. विचारलं, "नको झालो का मी तुला?"

तोंडावर म्हणाली, "तुमचं काय नाय त्यात. मला खालच्या अंगाला खाज हाय, आग हाय. मुतताना डोळ्यांत पाणी येतं. कातडी पांढरी पडलीय नि चिरते. बाळंतपणापास्नं हाय."

असं बोलणारी बाई मी पाहिली नव्हती. मान मीच खाली घातली.

आईने आपल्या समजुतीने उपाय केले होते. सुईणीने सांगितलं म्हणून रोज निखाऱ्यावर ओवा नि कडुनिंब टाकून धुरी, वर मिठाचं पाणी. चिरलेल्या कातडीला मीठ! त्याने आणखीच सोलवटलं. वाडीतल्या निम्म्या बायका म्हणत, कोड फुटलं. बाकीच्या म्हणत, नवऱ्याने मुंबईहून गरमी आणली. वाईट चालीचा तो रोग. मला आईपुढे शपथ घ्यावी लागली.

आईला गरमीपेक्षा कोडाची धास्ती जास्त. ताराला बघायला दासगावचे पाहुणे येणार होते. घरात कोड आहे म्हटल्यावर मुलगी कोण करून घेणार? आईने ठरवलं, पाहुणे यायच्या आत सुनेला पाचाडला माहेरी पाठवायचं, कायमचं. पोर इथे राहील. "असल्या दुधावर माझा नातू वाढायचा नाय," म्हणाली. मी फटकळ माणूस, मुकादमाला उलट बोलणारा. पण या गोष्टीवर माझं तोंड उघडेना.

अनुसयाने पोर पदराखाली घेतलं नि म्हणाली, "आत्याबाय, मी जाईन. पण आधी महाडच्या डॉक्टरीणबायला दाखवीन. ती कोड म्हणाली तर पोर तुमच्या मांडीवर ठेवीन नि जाईन."

"असलं कुणाला दाखवतात का गो? लाज नाय तुला?"

"दात दुखला तर तोंड उघडता ना? माझं हितं दुखतंय."

महाडला पायी निघालो. पोर मी खांद्यावर घेतलं. लुगडं घासून तिला रक्त येत होतं. मधेच झाडाला धरून थांबायची, दम घ्यायची नि म्हणायची, "चला." शेतातली माणसं मला हसली, बाप्या पोर घेऊन चाललाय म्हणून. "हसू द्या," म्हणाली, "त्यांना कुठं खाजतंय."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं नि मला आत बोलावलं. कोड नाही, गरमी नाही. कुणाकडून आलेलं नाही, कुणाला लागायचं नाही. कातडीचं दुखणं आहे. मुळातून जाणार नाही, पण जपलं तर आवरेल. धुरी बंद, मीठ बंद, साबण बंद. मऊ धुतलेलं कापड वापरायचं, खोबरेल लावायचं, आणि लिहून दिलेलं मलम मी मुंबईहून पाठवायचं. बरं वाटलं तरी वर्षातून एकदा दाखवून जायचं. जखम भरेना किंवा गाठ लागली तर लगेच यायचं. अनुसयाने त्यांना सगळं दोनदा सांगायला लावलं, पाठ केलं नि मलाही करायला लावलं.

आईचा विश्वास बसला नाही. "डॉक्टरणीला काय, तिला थोडीच माझी तारा उजवायची हाय?" हिला पाठवायची तयारी तशीच राहिली, आणि पाहुणे एक दिवस आधीच दारात आले.

पुरुष ओटीवर बसले. नवऱ्या मुलाची आई आत गेली. कुणीतरी आधीच तिच्या कानावर घातलं होतं. ओटीवर ऐकू येईल अशा आवाजात तिने विचारलं, "तुमच्या सुनेला कोड हाय म्हणतात, खरं का?"

आई आत भांडी हलवायला लागली. मी हातातल्या अडकित्त्याकडे बघत बसलो. मग हिचा आवाज आला, "पांढरं पडलंय, पण कोड नाय. गरमी पण नाय. डॉक्टरीणबायनं बघितलंय, तुम्ही पण बघा. माझ्यापायी वन्संचं लगीन मोडायचं नाय. चला माजघरात."

दार लागलं. मुलाचा बाप मला भाताचं पीक विचारत होता. मी काय उत्तर दिलं ते देवाला ठाऊक. बऱ्याच वेळाने दार उघडलं. मुलाची आई उंबऱ्यावर येऊन नवऱ्याला म्हणाली, "सुपारी फोडा." डोळे लाल झाले होते तिचे.

आत काय झालं ते हिने मला पुढे सांगितलं. त्या बाईलाही तेच होतं, बारा वर्षं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. कुठलं तरी पाप फिटतंय समजून एकटी धुरी घेत होती. हिचा हात धरून म्हणाली, "ते मलम मला पण मिळंल का गो?" मी मुंबईहून दोन नळ्या पाठवल्या. पाचाडचं नाव आईने पुन्हा काढलं नाही.

दुखणं मात्र गेलं नाही. कधी महिना बरा जायचा, कधी चालणं मुश्किल. तरी लावणीत ती दिवसभर वाकून असायची. मूल आम्हाला एकच. ती नाही म्हणाली की नाही, हे मी शिकलो. मुंबईत खोलीवरच्या सोबत्यांना बायको नाही म्हणू शकते हेच ठाऊक नव्हतं. दरवर्षी महाडला दाखवून यायची, एकही वर्ष चुकली नाही. पुढे पोलादपूरपासून बायका तिला शोधत यायच्या, मागल्या दाराने. हिचं पहिलं बोलणं ठरलेलं, "धुरी घेतेस? ती आधी बंद कर." आणि कुणी रडायला लागली की, "रड, पण सांग. तू नाय सांगितलंस तर कातडी काय बोलणार हाय?"

तिला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर भावकी बसली होती. एक पोरगी तान्हं घेऊन मागल्या दाराला आली. अनुसयाकाकी हायत का, म्हणून विचारत होती. माझी चुलत भावजय म्हणाली, "काकी काल गेली गो." पोरीने तोंडाला पदर लावला नि वळली.

मी ओटीवरून उठलो. "थांब," म्हटलं, "खालच्या अंगाला खाजतं का? कातडी पांढरी पडलीय?"

ओटीवरची माणसं वळून बघायला लागली. चुलतभाऊ म्हणाला, "अरे, काय बोलतोस तू?" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरीने मान हलवली.

"धुरी घेतेस? बंद कर. मीठही नको. कोड नसंल ते, घाबरू नको, पण डॉक्टरणीला दाखवायचं." जे जे अनुसयाने मला पाठ करवलं होतं ते सगळं मोठ्याने, भावकीच्या देखत सांगितलं. हल्लीची डॉक्टरीण कुठे बसते ते मला माहीत होतं. गिरणी सोडून गावी आल्यापासून हिला मीच तर न्यायचो. सुतकात घर सोडू नये म्हणतात. मी चपला घातल्या, तिचं तान्हं खांद्यावर घेतलं आणि तिच्यासोबत महाडच्या गाडीला गेलो.