मामोनचं झाड होतं तिथून दोन गल्ल्या

आमच्या मानाग्वात, निकाराग्वाच्या राजधानीत, घरांना नंबर नसतात आणि कुणाला त्याची खंतही नाही. माझा पत्ता असा: मामोनचं झाड होतं तिथून तळ्याकडे दोन गल्ल्या, निळ्या फाटकासमोर. झाड माझ्या लग्नाआधीच वादळात पडलं. पत्ता अजून उभा आहे.

त्या निळ्या फाटकात असालिया राहायला आली, तेव्हा तिच्या कडेवर मुलगी होती आणि हाताचं हाड नुकतं जुळलेलं. नवऱ्याला, एवेनोरला, सोडून ती एस्तेलीहून पळाली होती. हे फक्त मला ठाऊक. मुलीला ती फाटकाबाहेर सोडायची नाही. घरात बसून ती पिन्याता करायची, म्हणजे कागदाचे घोडे नि चांदण्या, पोटात गोळ्या भरलेल्या; वाढदिवसाला पोरं काठीनं फोडतात त्या. परदेशी गेलेल्या आया इकडच्या लेकरांसाठी मागवतील म्हणून तिनं स्वतःची वेबसाइट काढली. कुणी शिकवलं नाही. मला तर फोन कसा उचलायचा तेही नात सांगते.

एके दिवशी एक गिऱ्हाईक बाई थेट फाटकाशी हजर.

"पत्ता कुणी दिला?" असालियानं विचारलं.

"अगं, तुझ्या साइटचं नाव कुणाच्या मालकीचं ते बघितलं. सगळं लिहिलंय की. निळं फाटकसुद्धा!"

साइटचं असं नाव विकत घेताना मालकाचा खरा पत्ता मागतात. खोटा दिला तर नाव जातं. पोरीनं इमानदारीत, आपल्याकडे सांगतात तसाच लिहिला होता. तो नाव विकणाऱ्यांच्या नोंदीत जगाला उघडा होता.

बाई गेली तशी असालिया माझ्याकडे आली. "चोनिताबाई, तिला सापडलं तर त्यालाही सापडेल."

"मग साइट बंद कर, नाहीतर सामान बांध."

"तीनदा बांधलंय. आता नाही. नाव माझं आहे, ते खुशाल बघा म्हणावं. घर कशाला बघायचं?"

त्याच दिवशी तिनं नाव विकणाऱ्यांकडची सोय घेतली. तिच्या पत्त्याच्या जागी त्यांचा दिसू लागला. पण आधीच कुणी उतरवून घेतला असेल, तर तो कसा पुसणार? तिनं चौकीत जाऊन एवेनोरवर तक्रार दिली. आणि मग जे केलं, ते माझ्याच्यानं झालं नसतं. रविवारी शेजारच्या नुबियाच्या दारात तिचे नाकातामाल, केळीच्या पानात उकडलेले मक्याचे मुटके, घ्यायला सगळी गल्ली जमते. तिथं उभं राहून तिनं सगळं सांगितलं, हात दाखवला.

"झाड कुठं होतं ते फक्त तुम्हाला माहितेय," ती म्हणाली. "जरा हलवाल का?"

नुबिया म्हणाली, "पडलेलंच आहे, हलवायला काय जातंय? कुठं ठेवू सांग."

"तिथून तळ्याकडे दोन गल्ल्या गेलं की पोलीस चौकी लागेल, असं."

काही दिवसांनी एवेनोर आला. घामाघूम, हातातल्या मोबाइलवर तो जुना पत्ता, मामोनचं झाड कुठं होतं विचारत. नुबियानं सांगितलं, टायरवाल्यानं सांगितलं, मीही सांगितलं, "झाड होय? ते चर्चच्या मागं बाबा. लहानपणी मीच चढायचे." टायरवाला लांबून त्याच्या मागं गेला. चौकीचं फाटकही निळंच निघालं, ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं. एवेनोरनं ते ठोठावलं. पोलीसबाईनं नाव विचारलं, त्यानं ऐटीत सांगितलं, आणि तक्रारीतलंच नाव ऐकून तिनं त्याला आत घेतलं.

मी धावतपळत असालियाला सांगायला गेले. ती एका हत्तीला शेपूट चिकटवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, बोटांची खळ पुसली नि मुलीला हाक मारली, "चल, बाहेर खेळ जा."

पोरगी गल्लीच्या पार टोकापर्यंत पळत गेली. असालियानं तिला मागं बोलावलं नाही.