चढ, चेन आणि मागची सीट

आंबागडच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. शेताच्या वाटेवर शेवटी दगडांचा चढ लागतो. कच्च्या रस्त्याची आमची उंच मोटरसायकल मी चालवते, हे मागे बसतात. दोघांच्या वजनाने गाडी चढावर बंद पडायची, म्हणून हे उतरून चालायचे. यंदा गुडघा दुखू लागला आणि यांनी शेतावर येणंच सोडलं.

म्हणून आज यांना घेऊन तुमसरला गेले आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, जास्त दात्यांचं बसवलं, चेनही लांब घातली. वेग कमी होतो, पण ओढ वाढते. मेकॅनिकने साध्या गाडीसारखी चेन ताणली. मी म्हटलं, आधी आम्हाला बसू द्या. बसताच गाडी मागून खाली दबली आणि चेन तारेसारखी ताठ झाली. ती सैल करून घेतली.

"काकू, तुमीच दुकान टाका ना जी," तो हसला.

"नोको रे बाबू, गिऱ्हाइकं पळून जातीन," हे म्हणाले.

तिथून दोघं थेट शेताकडे निघालो. चढाशी पहिला गिअर टाकला. गाडी सरळ वर गेली. मी खूश होऊन म्हटलं, "पाहिलं?" वळून बघते तर मागची सीट रिकामी. हे खाली, नेहमीच्या जागी उतरून उभे!

"काहून उतरले जी?"

"गाडी हळू झाली, त मले वाटलं उतराचं आहे."

मी परत खाली गेले. "बसा. आता पाय खाली टेकवायचा नाही."

या वेळी गाडी कुरकुरली, पण दोघांना घेऊन चढली. हे थेट धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गेले आणि ओरडले, "बांधीतलं पाणी कोनं सोडून देलं? मी नाही आलो त असंच होते!"

मागे बसणाऱ्यासाठी तुम्ही गाडीत काही बदल केला आहे का? काय केलंत, ते लिहा.