भुतांना नापास करणाऱ्या आक्का

सहा मार्च, १९७७. सकाळपासून वर्षाच्या चटणीसाठी मिरच्यांची देठं खुडते आहे. हात भगभगू लागले म्हणून धुऊन लिहायला बसले. हे काम दरवर्षी आम्ही दोघी करायचो, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का. खरं म्हणजे करायची मी. आक्का आदल्या दिवशी पाहिलेला भुताचा पिक्चर सांगायच्या आणि एकच मिरची तासभर हातात धरून बसायच्या. त्यांना जाऊन महिना होत आला. यंदा काम भराभर होतंय, आणि ते मला आवडत नाहीये...

आक्का म्हसवडच्या. लहानपणी तिथल्या जत्रेतल्या तंबूत त्यांनी पहिला भुताचा पिक्चर पाहिला. सगळा तंबू किंचाळत होता आणि ह्या हसत होत्या. तेव्हापासून एकच ध्यास, आपल्याला घाबरवील असा एक तरी पिक्चर बघायचा. थोरले भाऊजी फौजेत, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. सांगलीत लागलेला एकही त्यांनी सोडला नाही. एखादा सांगलीत येणार नाही असं कळलं की साताऱ्याच्या मावससासूबाईंना आजारी पाडून एसटीनं तिकडं जायच्या. मी एकदा त्या मावशींच्या तब्येतीची खरोखर चौकशी करायला गेले, तर त्या उखळात मसाला कुटत होत्या.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, हा नाद पसंत नव्हता. असला पिक्चर बघून आलेली बाई काहीतरी बरोबर घेऊन येते, असं त्यांचं मत. म्हणून आक्का दारात आल्या की त्या मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या. बाधा असेल तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. ठसका लागला म्हणजे माणूस स्वच्छ. आक्कांनी त्यातूनच परीक्षा काढली. मिरच्या विस्तवात पडायच्या, घरभर खोकला सुटायचा, गोठ्यात म्हैस शिंकायची आणि आक्का डोळे पुसत निकाल द्यायच्या, "बघा, ठसका लागला. पिक्चर नापास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सविस्तर परीक्षण व्हायचं. त्यावरून गल्लीतल्या बाया ठरवायच्या, घरी हट्ट धरायचा की नाही. "रातभर रानातनं हिंडती ती, आन् लुगड्याला एक कुसळ न्हाई. धुतंय कोण?" आक्का विचारायच्या. जुन्या काळ्या-पांढऱ्या पिक्चरांना त्या जरा मान द्यायच्या, कारण त्यात निदान अंधार खरा वाटायचा. रंगीत पिक्चर आले, रक्त कुंकवाच्या पाण्यासारखं दिसायला लागलं आणि त्यांची आशाच संपली. एकदा इंग्रजी पिक्चर बघून आल्या. त्यातला रक्त पिणारा गृहस्थ 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही म्हणे. "वळणाचं हाय गं भूत," आक्का म्हणाल्या. "आपल्या वन्संना आजून जमलं न्हाई."

जानेवारीत त्यांच्या पोटात गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं, ऑपरेशन ठरलं. मी शेजारी मोसंबं सोलत बसले होते.

"सुमन, लय भ्या वाटाय लागलंय गं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. धीर देणं मला जमत नाही. मी सोलत राहिले.

"सांगलीत त्यो हिरीतल्या बाईचा पिक्चर लागलाय," त्या म्हणाल्या. "बघून ये आन् मला सांग. दुसरं कायतरी भ्यायला पायजे, त्याबिगर ह्ये जायचं न्हाई."

मी आयुष्यात असला पिक्चर पाहिला नव्हता. दुपारच्या खेळाला एकटीच गेले. दारावरचा माणूस म्हणाला, "मावशी, ह्यो भुताचा हाय. देवाचा पल्याडच्या टॉकीजला." त्याला बाजूला करून मी आत जाऊन बसले.

संध्याकाळी मिरजेला येऊन सगळं सांगितलं. विहीर, रहाट, ओल्या पावलांचे ठसे... आक्का उशीवरून उठून बसल्या.

"आन् तिनं तोंडावरचा पदर काढला. मग? तोंड कसं हुतं?"

मी पुन्हा मोसंबं सोलायला घेतलं.

"सांग की!"

"आवं, म्या डोळं मिटलं हुतं."

"तू?"

"व्हय. पदर तोंडात कोंबून बसले हुते."

आक्का अशा हसल्या की नर्स धावत आली. "तू डोळं मिटलंस! म्हशीची लाथ खाऊन धार काढनारी तू! पास गं, पास! पयला पास झाला!"

"आन् तुमचं भ्या?"

"कुटलं भ्या? आता बरी हून त्या बाईचं तोंड बघायचं हाय मला."

ऑपरेशनला नेतानाही त्या पदराबद्दलच बोलत होत्या. त्या शुद्धीवर आल्या नाहीत.

दिवसकार्य झालं. गल्लीतल्या बाया भेटायला आल्या, रडल्या. शेजारच्या पार्वतीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता कुटला बघावा, कुटला न्हाई, सांगनार कोण?" रडणं थांबलं आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

गेल्या आठवड्यात मी तोच पिक्चर पुन्हा पाहिला. या वेळी डोळे उघडे ठेवले. पदर निघाला. रबराचा मुखवटा होता. कानामागं दोरीची गाठ दिसत होती, तीही धड मारलेली नव्हती. आक्का असत्या तर त्या गाठीवरच नापास करून मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी आयुष्यात एकच पिक्चर पास केला, आणि तोही माझ्या भरवशावर...

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गेले. घागर बाजूला ठेवली, पदर खोचला आणि पहिल्यापासून पिक्चर सांगितला. विहीर, रहाट, ओली पावलं. बाई पदराला हात घालते, तिथे थांबले.

"मग? तोंड कसं हाय?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"तितं डोळं मिटायचं," मी म्हटलं.