सोमवारची गोळी

माझ्या मोठ्या जावेची बोटं चाळिशीतच वाकडी झाली. संधिवात. कपबशी धरता यायची नाही, म्हणून चहाचा पेला दोन्ही तळहातांत दाबून प्यायची. मी तिला अक्का म्हणायची, ती मला धाकली. आधी तिचा नवरा गेला, मग माझा गेला, आणि सेनगावजवळच्या आमच्या घरात आम्ही दोघी, तिचा मुलगा आणि सून एवढेच राहिलो. आम्हा जावांचं फार गूळपीठ होतं असं कोणी समजू नये. पन्नास वर्षांत आम्ही भांडलो नाही असा आठवडा सापडणार नाही. पण गोळी तिला माझ्याच हातची लागायची. सून दिवसभर शेतात, अक्काला अक्षरओळख नाही, आणि मी चौथी शिकलेली.

नांदेडच्या डॉक्टरनं तिला दोन गोळ्या लावून दिल्या होत्या. दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारीक. एक फक्त सोमवारी. दुसरी सोमवार सोडून रोज. सोमवारची गोळी चुकून रोज गेली तर जिवावर बेतेल, असं त्यानं मला दोनदा बजावलं आणि माझ्याकडून वदवूनही घेतलं.

मी घरी येऊन माझी पद्धत बसवली. अक्काच्या बोटांनी पाकिटातली गोळी निघायची नाही, आणि रोज उठून कोण सोलत बसणार, म्हणून मी पुष्कळशा गोळ्या एकदम सोलून ठेवायची. सुनेला संक्रांतीच्या वाणात दोन सारख्या डब्या आल्या होत्या, लाल झाकणाच्या. सोमवारची डबी देवघराच्या फळीवर. सोमवारी मी पिंडीला आंघोळ घालते, तेव्हा हात आपोआप तिकडे जायचा. रोजची डबी स्वयंपाकघरात, चहा-साखरेजवळ. प्रत्येक डबीच्या तळाला पाकिटाचा एक कापलेला तुकडा ठेवलेला असायचा, मेडिकलवाल्याला दाखवायला. त्यावरचं नाव इंग्रजीत. ते मला वाचता येत नव्हतं, आणि वाचायची गरज कधी पडली नव्हती. सहा वर्षं एक चूक झाली नाही. मला त्याचा गर्व होता.

घट बसायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळं घर बाहेर निघतं. गोधड्या, भांडी, फळ्या, सगळं धुवायचं. त्या वर्षीही धुतलं. दोन्ही डब्या मी एका टोपल्यात घालून ओट्यावर ठेवल्या. त्या वेळी दोन्हींत दहा-बारा गोळ्या होत्या. रोजच्या महिन्याच्या संपत आलेल्या, सोमवारच्या तीन महिन्यांसाठी नुकत्याच सोललेल्या. संध्याकाळी फळ्या वाळल्यावर डब्या जागेवर गेल्या. सुनेनं ठेवल्या असं सांगता आलं असतं, कारण ती दिवसभर आत-बाहेर करत होती. पण मीच ठेवल्या. देवघरातली चहाजवळ गेली आणि चहाजवळची देवघरात.

अक्का नऊ दिवस उपास करायची. मला बीपी, मी करत नव्हते. सकाळी ती थोडा साबुदाणा खायची, वर मी गोळी द्यायची. पाचव्या माळेला तिनं अंगणात मला हाक मारली.

"धाकले, हे बघ. मूठ वळती."

खरंच वळत होती. अर्धी का होईना, पण वळत होती.

"देवी पावली म्हण की," मी म्हटलं.

"पावणारच. तुला काहून पावंल? उपास न्हाई, तापास न्हाई. नुसत्या भाकरी हाणून राहिली."

"मी भाकरी हाणते म्हणून तुझं धुणं निघून राहिलं. उद्यापासून देवीला सांग लुगडं धुवाया."

ती हसली. त्या दिवशी तिनं स्वतःचे केस स्वतः बांधले. अंबाडा वाकडा झाला, पण तिनं बांधला.

सातव्या माळेला तिचं तोंड आलं. जिभेवर, गालाच्या आत पांढरे फोड. उपासाची उष्णता, भगरीत मिरची जास्त झाली, असं आम्ही धरलं. मी तूप लावलं, जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा भिजवून दिला. आणि रोज सकाळी गोळी दिली. फोडांवरून गोळी सरकताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एके दिवशी ती मान हलवून नको म्हणाली. मी दटावलं. "गीळ म्हणते ना. नागा करायचा न्हाई." तिनं गिळली.

दसऱ्याला ताप चढला, जुलाब लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सेनगावच्या डॉक्टरनं एक दिवस सलाईन लावलं आणि हात वर केले. दुसऱ्या दिवशी हिंगोलीला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तिला लगेच आयसीयूत घेतलं. डॉक्टरनं विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मी सांगितलं, संधिवाताच्या दोन, एक सोमवारची, एक रोजची, मी बराबर देते. त्यानं लिहून घेतलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात म्हणाला, डेंगू असेल म्हणाला, आणि उपचार सुरू केले. त्याला मी दोष देत नाही. मी 'बराबर' म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोरगी आली. पांढरा कोट, पण गळ्यात नळी नाही. प्रत्येक खाटेपाशी थांबायची, फाईल वाचायची, वर टांगलेल्या बाटल्यांवरची नावं फाईलशी ताडून बघायची. मग दाराबाहेर येऊन मला म्हणाली, "आजी, दोन मिनिटं बोलू का?"

"तू मेडिकलवाली ना? चिठ्ठी खाली दिली आमी."

"दुकानातली नाही मी. फार्मासिस्ट आहे, पण माझं काम इथं वॉर्डात. पेशंटला घरी काय चालू होतं, इथं काय दिलंय, त्यात काही बिघडत नाही ना, ते बघते."

"मंग डॉक्टर काय बघतो?"

"तेही बघतात. त्यांच्यामागून मी पुन्हा बघते." तिला राग आला नाही. "सोमवारची गोळी दिसायला कशी आहे?"

"पिवळी. बारीक."

"आणि रोजची?"

"पिवळी. बारीक."

तिचं लिहिणं थांबलं. "पाकिटं आहेत का?"

"सोलून डब्यांत ठेवते. डब्या घरी."

"मागवा. आत्ताच्या आत्ता."

मला राग आला. "सहा वर्षं झाली देऊन राहिले मी. ह्या बाईला सहा वर्षं."

"असू द्या. मागवा तरी."

पुतण्या, म्हणजे अक्काचा मुलगा, मोटारसायकल घेऊन निघाला. जाण्याआधी पोरीनं त्याला धरून सांगितलं की कोणती डबी कुठून उचलली ते विसरू नका, वेगवेगळ्या खिशांत आणा. मग ती डॉक्टरकडे गेली. दाराच्या काचेतून मला दोघं दिसत होते. डॉक्टर घाईत होता, रिपोर्ट येऊ द्या म्हणत होता. ती म्हणाली, "येऊ द्या सर, पण तोवर ही सुई बंद ठेवू. माझा संशय खरा असेल तर हिनं आणखी बिघडेल." डॉक्टरनं फाईल पुन्हा उघडून बघितली. मग त्यानं नर्सला हात केला आणि नर्सनं एक बाटली काढली. एवढीशी पोरगी, आणि तिनं चालू बाटली उतरवली.

पुतण्या दोन तासांनी परत आला. पोरीनं टेबलावर कागद पसरला. चहाजवळची डबी उघडून पालथी केली. एक गोळी पडली, आणि तो पाकिटाचा तुकडा. तिनं तो उजेडात धरून वाचला. मग देवघरातली डबी पालथी केली. तीत दहा गोळ्या होत्या. तिनं तिचाही तुकडा वाचला.

"आजी, चहाजवळच्या डबीतली तुम्ही रोज देत होता?"

"व्हय."

"ही सोमवारची आहे."

मी म्हटलं, "न्हाई." मग मला ओट्यावरचं टोपलं आठवलं. मी खाली बसले. खुर्ची होती, पण मी फरशीवर बसले.

तिनं मला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती गोळी आठवड्यातून एकदा सांध्यांना आवरते. रोज गेली की तोंड, आतडं, रक्त, सगळं आतून मारत जाते. उपासानं अंगातलं पाणी कमी झालं, त्यामुळं ती लघवीवाटे बाहेरही पडली नाही. मूठ वळत होती ती त्याच गोळीनं.

"ह्यावर काही सुई हाय का?"

"आहे. हिंगोलीत नाही. नांदेडला मिळाली, फोन केलाय. बसबरोबर पाठवतायत."

"कशाची असती ती?"

"तुमची जी रोजची गोळी होती ना, त्याच जातीची. तिच्याहून ताकदीची."

म्हणजे उताऱ्याचीच बहीण मी अकरा दिवस देवाजवळ ठेवली होती.

"वाचंल का?"

"आम्ही सगळं करतोय आजी."

"ते न्हाई इचारलं."

"अवघड आहे," ती म्हणाली. तिनं खरं सांगितलं, ते मला बरं वाटलं.

सुई दिवेलागणीला आली. पुतण्यानं स्टँडवर उभं राहून ड्रायव्हरकडून घेतली आणि पळत आणली. लगेच लावली. त्यानंतर मी त्याला बाहेर पायऱ्यांवर बसवून सगळं सांगितलं. तो चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "काकू, आईला सांगू नका. तिला आता काय करायचं कळून?"

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मरायला टेकलेली बाई देवी पावली असं समजून पडून राहील, हे मला पटत नव्हतं. भेटायला दहा मिनिटं सोडत. ती पोरगी तिथंच होती, तोंडाला लावायचं औषध नर्सला समजावून देत होती. मी खाटेजवळ वाकले.

"अक्का, गोळ्या बदलल्या. माझ्या हातून. सोमवारची मी रोज दिली. देवीचं त्यात काही न्हाई."

तिला बोलता येत नव्हतं, तोंड सगळं सोललेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. कळलं, हे मला डोळ्यांवरून दिसलं. पन्नास वर्षं त्या डोळ्यांशी भांडले होते.

मी कापसाचा बोळा औषधात बुडवून तिच्या तोंडाजवळ नेला. तिनं ओठ मिटले. मी म्हटलं, "अक्का, उघड." तिनं आणखी घट्ट मिटले, इतके की कडेनं रक्त आलं. माझा हात दूर होईपर्यंत तिनं ते सोडले नाहीत. पोरीनं माझ्या हातातून बोळा घेतला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. अक्कानं तोंड उघडलं.

त्यानंतर ती पाच दिवस होती. सुई चालू होती, रक्त चढवलं, मूत्रपिंडं थांबत आली. नर्स असो, नाहीतर ती पोरगी असो, अक्का तोंड उघडायची. मी गेले की मिटायची. शेवटच्या दिवशी शुद्ध नव्हती, तेव्हा मी ओठ ओले केले. ते मी धरत नाही.

गेल्यावर पोरगी बाहेर आली. म्हणाली, "आजी, एकट्या तुमचा दोष नाही. इतक्या सारख्या दिसणाऱ्या गोळ्या, वर मराठीत मोठ्या अक्षरात कोणी काही लिहून दिलेलं नाही."

"असंल. पण गोळ्या करणाऱ्यांच्या घरातली बाई न्हाई मेली."

तिनं त्या दोन डब्या ठेवून घेऊ का, विचारलं. दुसऱ्या पेशंटच्या घरच्यांना दाखवायच्या आहेत म्हणाली. मी ठेव म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी माझ्या बीपीसाठी त्याच दवाखान्यात गेले. तिच्या टेबलावर लाल झाकणाच्या डब्या होत्या. एकीवर मराठीत 'फक्त सोमवार' अशी पट्टी चिकटवलेली. मी विचारलं, कोणी ऐकतं का. ती म्हणाली, मान हलवतात, आणि पुढच्या खेपेला परत सोललेल्याच घेऊन येतात. माझ्या शेजारी कनेरगाव नाक्याकडची एक बाई बसली होती, रुमालाची गाठ सोडत. आत पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी गोळ्या एकत्र.

मी म्हटलं, "बाई, पाकिटातच ठेवत जाय. माझी जाऊ अशीच गेली."

"मला समदं कळतं आजी," ती म्हणाली. "मी काय आज देऊन राहिली का? चार वर्षं झाली." आणि तिनं गाठ परत बांधली.

मला तिचा आवाज ओळखीचा होता.

घरी माझ्या गोळ्या आता सुनेकडं असतात. तिनं त्या स्वतःच्या कपाटात ठेवल्यात, पाकिटासकट. मला कोणी काही बोललं नाही, पुतण्याही नाही. सकाळी सून एक गोळी काढते, माझ्या तळहातावर ठेवते आणि मी पाणी पिईपर्यंत उभी राहते. नवरात्रात फळ्या धुताना मी पुढं झाले, तर म्हणाली, "तुमी बसा, आमी करतो."

बराबर करते ती.